देव आपला देणेकरी नव्हे

बेंबळीच्या पंचक्रोशीत गेली काही वर्षे एक शब्दप्रयोग आमच्या कानांवर वारंवार पडू लागला आहे : 'विश्वासाचे बी'. बी हा शब्द येथील माणसाला नवा नाही. परंतु हे बी सोयाबीनचे नव्हे, तुरीचे नव्हे, हरभऱ्याचेही नव्हे. हे बी नोटांचे आहे. प्रार्थनासभेच्या मांडवात, आणि आता तर हातातल्या मोबाईलच्या पडद्यावरही, सुटाबुटातला उपदेशक सांगतो की देवाच्या कार्यात पैसा पेरा. देव तुम्हांला तीसपट, साठपट, शंभरपट देईल. ज्याला मिळाले त्याची साक्ष मोठ्या आवाजात ऐकवली जाते. ज्याला मिळाले नाही त्याला व्यासपीठावर कोणी बोलावीत नाही. त्याला एकांतात सांगतात, 'तुमचा विश्वास कमी पडला.'

ही शिकवण ख्रिस्ती नाही, असे आम्ही या पृष्ठांवरून स्पष्टपणे म्हणतो. ती ख्रिस्ती शब्दांत बोलते, बायबलमधली वचने तोंडपाठ म्हणते, येशूचे नाव घेते. तरी तिचा देव आपल्या प्रभूचा पिता नाही. तो एक अदृश्य अडत्या आहे. माल घाला आणि पट्टी घेऊन जा, एवढाच त्याच्याशी संबंध.

आम्ही हे एखाद्या पंथाशी भांडण उकरून काढण्यासाठी लिहीत नाही. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंपैकी अनेक विचारी पाळकांना या शिकवणीची आमच्याइतकीच चीड आहे. आम्ही लिहितो ते मराठवाड्यातील विखुरलेल्या, अल्पभूधारक वा भूमिहीन ख्रिस्ती कुटुंबांसाठी. त्यांच्या खिशातली नोट ही शिकवण काढून घेते. त्याहून वाईट म्हणजे नोट गेल्यावर त्यांच्या मनातला देवही काढून घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने जो हाहाकार केला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. परंडा आणि भूम तालुक्यांत नद्यांनी उभी पिके तर नेलीच, शेतातली मातीही खरवडून नेली. त्यानंतर एका शेतकऱ्याने आम्हांला विचारले, "फादर, मी दशांश दिला नव्हता म्हणून देवानं रान धुऊन नेलं का?" हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उगवलेला नव्हता, तो कोणीतरी पेरला होता.

ही शिकवण आली कोठून? विसाव्या शतकातील अमेरिकेतून. ई. डब्ल्यू. केन्यन यांच्या लिखाणात तिची मुळे सापडतात, केनेथ हेगिन यांनी तिला आकार दिला आणि दूरचित्रवाणीवरील प्रवचनकारांनी ती घराघरांत पोहोचवली. बियाण्याची उपमा ओरल रॉबर्ट्स यांनी लोकप्रिय केली. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९७० साली निघाले. सुबत्तेत वाढणाऱ्या देशाला आपल्या सुबत्तेसाठी देवाची सही हवी होती, ती या शिकवणीने मिळवून दिली. तेथून ती आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि आपल्याकडे आली. 'ला चिविल्ता कात्तोलिका' या येशूसंघीयांच्या नियतकालिकाने २०१८ साली या 'समृद्धीच्या सुवार्तेवर' सडेतोड लेख प्रसिद्ध करून तिला वेगळीच, दुसरी सुवार्ता ठरवले होते. आमच्या मते सुवार्ता हा शब्दही तिला शोभत नाही.

आता बियाण्याच्या उपमेकडे वळू. ज्याने हे बियाणे प्रथम विकायला काढले त्याने बेंबळीच्या रानात एकही खरीप पाहिलेला नसावा. येथे मृगात पेरलेले उगवत नाही, पावसाने ओढ दिली की ते करपते, आणि मग दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर बसावे लागते. पेरले म्हणजे शंभरपट येतेच, हे वाक्य कोरडवाहू शेतकऱ्यासमोर उच्चारायला एक तर अज्ञान हवे किंवा निगरगट्टपणा हवा. आपल्या प्रभूला शेती ठाऊक होती. त्याच्या दाखल्यातल्या पेरणाऱ्याचे पुष्कळसे बी वाया जाते : काही वाटेवर पडून पाखरे खातात, काही खडकाळीत करपते, काही काटेरी झुडपांत गुदमरते. आणि ते बी म्हणजे पैसा नव्हेच. ते देवाचे वचन आहे, असा उलगडा प्रभूने स्वतः करून ठेवला आहे. गंमत अशी की त्याच उलगड्यात, वचनाला गुदमरवणारे काटे कोणते तेही त्याने सांगितले. संपत्तीचा मोह हा त्यांतला एक. म्हणजे प्रभूने ज्याला काटा म्हटले, त्यालाच हे लोक बी म्हणून विकतात!

शंभरपटीच्या वचनाचीही अशीच मोडतोड झाली आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, घरदार आणि शेतीवाडी सोडून आलेल्या शिष्यांना प्रभू शंभरपटीचे आश्वासन देतो हे खरे. परंतु त्या आश्वासनात घरांच्या व शेतांच्या जोडीने छळही मोजलेला आहे. मांडवातला उपदेशक घरे मोजतो, शेते मोजतो आणि छळाच्या शब्दापाशी त्याला नेमका खोकला येतो. शिवाय ते वचन दिले कधी? श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेल्यानंतर. त्या तरुणाला प्रभूने 'माझ्या कार्यात गुंतव, दामदुप्पट घे' असे सांगितले नव्हते. विकून गोरगरिबांना वाटून टाक आणि मग माझ्यामागे ये, असे सांगितले होते.

मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथातील दशांशाचे वचन तर यांचे हुकमी पान. देवाच्या भांडारात सारा दशांश आणा, मग आकाशाची कवाडे उघडतात की नाही ते पाहा, असा त्याचा आशय आहे. पण याच अध्यायात, पाचच ओव्या आधी, देव कोणावर खटला भरतो ते वाचावे. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांना नाडणारे, परक्याला न्याय नाकारणारे लोक तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. आणि दशांश जात होता कोठे? अनुवाद ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात त्याचा हिशेब आहे : दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि तो वतन नसलेल्या लेवीने, परक्याने, अनाथाने आणि विधवेने पोटभर खायचा. ज्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून दर हंगामाला ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात, तेथे मलाखीचे प्रवचन करणाऱ्याने पाचव्या ओवीपासून सुरुवात करावी. मग दहाव्या ओवीपर्यंत किती श्रोते आणि किती देणगीदार बसून राहतात, ते आम्हांला पाहायचे आहे.

या शिकवणीचे खरे क्रौर्य संकटाच्या वेळी दिसते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि हजारो जीव गेले. या माणसांनी बी पेरले नव्हते म्हणून त्यांच्यावर माळवदे पडली, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे का? पण समृद्धी हीच जर देवाच्या प्रसन्नतेची पावती असेल, तर आपत्ती हा त्याच्या अप्रसन्नतेचा पंचनामा ठरतो. त्या तर्कातून सुटका नाही. प्रभूपुढे हाच प्रश्न आला होता. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्यानेच लोकांना विचारले आणि त्यानेच नाही असे उत्तर दिले. ईयोबाचे मित्रही असेच शहाणे होते. राखेत बसलेल्या माणसाला ते त्याचे पाप शोधून दाखवीत होते. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. त्या शेतकऱ्याला आम्ही हेच उत्तर दिले, आणि जोडीला हेही सांगितले की पंचनाम्याचा कागद जपून ठेव, तलाठ्याकडे पुन्हा जा. देवाच्या डोक्यावर खापर फोडले की ओढ्यानाल्यांत अतिक्रमण करणारे, नुकसानभरपाई लांबवणारे सगळेच सुटतात.

इथवर आमचे कॅथलिक वाचक माना डोलावत आले असतील. ही त्या मांडववाल्यांची भानगड, आपण आपले बरे, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यांनी थोडे थांबावे. नाव न घेता तीच शिकवण आपल्या अंगणातही नांदते आहे. नोव्हेनाच्या नऊ आठवड्यांत व्हिसा, नोकरी आणि फ्लॅट यांची मागणी करायची, काम झाले की मेणबत्त्यांचा ढीग लावायचा आणि न झाले तर दुसरा संत पाहायचा, हा देवाशी सौदाच नव्हे का? आपल्या मुलाबाळांसाठी मागणे यात गैर काही नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले. परंतु मागणारा मूल असतो आणि सौदा करणारा गिऱ्हाईक असतो. मंदिराच्या बाकांवर, खिडक्यांवर, पायऱ्यांवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरून घेण्याची हौस पाहिली, म्हणजे डाव्या हाताला कळू न देण्याविषयी प्रभूने जे बजावले त्याचे काय झाले असा प्रश्न पडतो. त्या विधवेच्या दोन नाण्यांसाठी संगमरवराचा तुकडा कोणी बसवला नव्हता. आणि लग्ने! त्यांविषयी आम्ही फार लिहीत नाही, कारण वाचकांच्या घरी आलेल्या पत्रिकांचे वजनच पुरेसे बोलके आहे. कर्ज काढून साजरे केलेले विवाह-संस्कार आम्ही मराठवाड्यात पाहिले आहेत आणि जमिनीचा तुकडा विकून साजरे केलेले वसईत.

वसईचे नाव निघालेच आहे, तर तेथेच थोडे रेंगाळू. या विषयाचा खरा निवाडा तेथील एका माणसाच्या आयुष्यात झालेला आहे. संत गोन्सालो गार्सिया हा वसईचा सुपुत्र. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याचा जन्म झाला; वडील पोर्तुगीज, आई येथली. वसईच्या येशूसंघीयांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथली भाषा त्याने आत्मसात केली, धर्मशिक्षकाचे काम काही वर्षे केले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग तो व्यापारात पडला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. समृद्धीची सुवार्ता सांगणाऱ्यांच्या हिशेबाने गोष्ट येथेच संपायला हवी : देवाची सेवा केली, देवाने भरभरून दिले, आमेन. पण गोन्सालोची गोष्ट येथे सुरू होते. चालता धंदा सोडून तो मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. पुरोहितपदही नाही, मान नाही. अंगावर जाडाभरडा झगा आणि कमरेला दोरी. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्या बरोबर तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला.

पुढे जे घडले त्यात संपत्तीचा हात होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. १५९६ साली 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याने त्यावरील माल जप्त केला. त्या मालाच्या वादावादीत, धर्मगुरू म्हणजे स्पेनच्या आक्रमणाचे अग्रदूत होत, असा संशय भडकला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवण्यात आले. गोन्सालो त्यांत होता. व्यापार सोडलेला माणूस अखेर दुसऱ्यांच्या व्यापारी मालाच्या निमित्ताने मारला गेला. नवव्या पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्याला संतपद बहाल केले. भारतभूमीचा हा पहिला संत. त्याला शंभरपट मिळाले की नाही? मिळाले, पण नफ्यातोट्याच्या कोणत्याही वहीत ते लिहिता येणार नाही.

आता त्याच्याच वसईत काय झाले ते पाहावे. १९९०च्या सुमारास तेथील हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचा घाट घातला गेला आणि केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या व बावखले यांवर जमीनदलालांची नजर पडली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' या मासिकाच्या द्वारे आणि रस्त्यावर उतरून जे आंदोलन उभारले, ते झाडांपुरते नव्हते. राजकीय दहशत अंगावर घेऊन ते उभे राहिले ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आंदोलनाला जो दुसरा, अधिक अवघड विरोध झाला तो बाहेरचा नव्हता. तो आपल्याच घराघरांतून होता : एवढा भाव येतो आहे, मग का विकू नये? दहशतीला तोंड देणारी माणसे भावापुढे विरघळतात. पूर्वजांनी रहाट फिरवून जोपासलेली वाडी विकून आलेल्या पैशातून कित्येक इमारती उभ्या राहिल्या, मोटारी आल्या. आणि गोन्सालोच्या सणाला मिरवणूकही थाटामाटात निघते. व्यापार सोडून दिलेल्या संताची मिरवणूक जमीन विकलेल्या हातांनी काढायची, यातला विसंवाद कोणाला टोचत नाही काय?

येथे एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. फादर, तुम्हांला काय, तुमच्यामागे संसार नाही. गरिबाला गरीब राहा म्हणून सांगणे सोपे आहे. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. आम्ही दारिद्र्याचे गोडवे गात नाही. दारिद्र्य हे देवाच्या इच्छेने आलेले नाही. ते पुष्कळदा माणसांच्या हावेने आलेले असते. तेराव्या लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर परिपत्र काढले ते श्रमिकाला न्याय्य वेतन मिळावे म्हणून, त्याने उपाशी राहून स्वर्गाची वाट पाहावी म्हणून नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पृथ्वीवरील संपदा सर्वांसाठी आहे असे ठासून सांगितले. आणि चौदावे लिओ यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'दिलेक्सी ते' हे पत्र गरिबांवरील प्रेमाविषयीच आहे. प्रश्न पैसा असावा की नसावा हा नाही. पैशाने कोणाच्या आज्ञेत राहावे, हा आहे.

याचेही उदाहरण वसईतलेच आहे. १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांच्या प्रेरणेने तेथे एक सहकारी पतसंस्था निघाली. आजची बेसिन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. सावकाराच्या पाशातून बागायतदाराची मान सोडवावी हा तिचा मूळ हेतू. एका धर्मगुरूने पैशाला हात लावला, पण कशासाठी? कोणाला शंभरपटीचे आमिष दाखवण्यासाठी नव्हे. चार माणसांनी एकमेकांचे जामीन व्हावे, घेतलेले वेळेवर फेडावे आणि दुसऱ्याच्या अडचणीला उभे राहावे, यासाठी. चमत्काराची वाट न पाहता शेजाऱ्याची जबाबदारी घेणे, हे ख्रिस्ती अर्थशास्त्र. बेंबळीच्या भागात बचतगटाची वही सांभाळणाऱ्या बायका हेच करतात, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. त्यांच्या वहीत आम्हांला त्या साऱ्या मांडवांपेक्षा अधिक शुभवर्तमान दिसते.

जाता जाता आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट. तेर हे गाव इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तगर या नावाने भरभराटीची पेठ होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. येथला माल भडोच बंदरावरून समुद्रापार जात असे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाचे अवशेष आहेत. परंतु तेरला आज माणसे जातात ती मडकी घडवणाऱ्या गोरोबाकाकांच्या ओढीने. तगरच्या श्रेष्ठींपैकी एकाचेही नाव कोणाच्या ओठांवर नाही. आम्ही ख्रिस्ती उपदेशक गावोगाव हिंडतो तेव्हा ज्यांच्यासमोर बोलतो ती माणसे अशा मातीतली असतात. देव पैशाने प्रसन्न होत नाही हे त्यांना आमच्या आधीपासून माहीत आहे. मग येशूच्या नावाने त्यांना उलटे शिकवणे ही केवढी लाजिरवाणी गोष्ट! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करण्याचा ध्यास घेतला. या देशाला ख्रिस्त कोणत्या वेषात ओळखू येईल हे त्यांनी नेमके जाणले होते. सुटाबुटातल्या, शंभरपटीच्या ख्रिस्ताला येथील सामान्य माणूस ख्रिस्त म्हणून ओळखणार नाही, ओळखू नयेच.

म्हणून आमचे म्हणणे काही थोड्या, रोखठोक गोष्टींबाबत आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाचा जमाखर्च मिस्सानंतर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यात गोरगरिबांवर किती खर्च झाला हा आकडा प्रथम वाचावा. देणगीदारांच्या नावाच्या नव्या पाट्या बसवणे थांबवावे. विवाहाच्या खर्चातला ठरावीक हिस्सा ज्यांच्या घरी त्याच वर्षी पीक बुडाले अशा कुटुंबाकडे, नाव न सांगता, पोहोचवावा. वसईच्या सधन धर्मग्रामांनी त्यासाठी मराठवाड्याकडे पाहावे. खेड्यातल्या धर्मशिक्षकाला, ज्याला आम्ही इकडे प्रेमाने मास्तर म्हणतो, पुरेसे मानधन मिळाल्याशिवाय मंदिराच्या फरशीला हात लावू नये. आणि ज्यांच्या दारी 'विश्वासाचे बी' मागायला कोणी येईल, त्यांनी त्याला एक साधी अट घालावी : महाराज, आधी तुमची वही दाखवा, गेल्या दुष्काळात तुम्ही स्वतः कोणाच्या रानात काय पेरले?

जानेवारी २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने व्याकूळ असूनही अध्यक्ष म्हणून आले होते. धर्मगुरूने अध्यक्ष होऊ नये म्हणून विरोध झाला होता. तरीही कोरडवाहू शेती करणाऱ्या या जिल्ह्याने एका कॅथलिक धर्मगुरूचे आपला माणूस म्हणून स्वागत केले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. या जिल्ह्याने त्यांच्याजवळ ना धन पाहिले होते, ना चमत्कार. मराठी पुस्तके, लोकांसाठी केलेली भांडणे आणि अंगावरचा झगा एवढेच पाहिले होते.